गोष्टीचा वार

मनकर्णा : न्हाई गुरुजी, दुसरं पुस्तक नको. ह्याच पुस्तकातलं राहिल्यालं पायजे. एका मानसाला इहिरीत सोडलंय आन् पुढं त्याचं नावच काढलं न्हाई कुनी.

गुरुजी : कुणाला विहिरीत सोडलंय? आधी बस. पाणी पी.

मनकर्णा : बसायला येळ न्हाई. सूर्यभानाला सोडलंय.

गुरुजी : कोण सूर्यभान? आपल्या गावात तर या नावाचा कुणी नाही.

मनकर्णा : गावातला न्हाई वो, गोष्टीतला. ह्या कादंबरीतला.

गुरुजी : अगं मनकर्णा! धापा टाकत दारात उभी राहिलीस. म्हटलं तुझ्या नवऱ्याला, गहिनीनाथाला काही झालं की काय. आणि ही कादंबरीतल्या माणसाचं घेऊन बसलीय.

मनकर्णा : त्यान्ला काय व्हऊ नये म्हनून तर पळत आले! सोमवारधरनं तुमच्या वाचनालयाचं ह्ये दार कवा उघडतंय म्हनून वाट बघतीय. तुमी पडला शनवारी, बाजारच्या दिशी तेवढं कुलूप काढनारं.

गुरुजी : एवढं काय झालंय? नीट सांग.

मनकर्णा : आमच्या घरी वाचनाचं वार ठरल्यालं हायती, ठावं हाय न्हवं तुमाला?

गुरुजी : वाचनाचे वार? नाही बुवा.

मनकर्णा : सासऱ्यांचं डोळं गेल्यापास्नं त्यान्ला वाचनाचीच भूक लागलीय बघा. दुपारी रेशनच्या मिलो जवारीची भाकरी खाल्ली की मामा खाटंवर बसत्यात आन् इचारत्यात, सूनबाई, आज कशाचा वार? सोमवार, बुधवार, शुक्रवार गोष्टीचा. मंगळवार, गुरवार, शनवार खऱ्याचा. ऐतवारी म्या धुनं धुते.

गुरुजी : म्हणजे एक दिवस कादंबरी, एक दिवस माहितीचं पुस्तक! शाब्बास. एका कार्डावर दोन पुस्तकं न्यायची, एक गोष्टीचं आणि एक माहितीचं, हा नियम मी केला तेव्हा सगळं गाव मला हसलं होतं.

मनकर्णा : अजून हसतंय. ती लंकाबाई तुमचं माहितीचं पुस्तक पिठाच्या डब्यावर झाकन ठिवती आन् शनवारी तसंच परत आनती.

गुरुजी : तरीच! शेळीपालनाच्या पुस्तकाला पीठ लागलं होतं. मी म्हटलं निदान स्वयंपाक करता करता वाचते बिचारी.

मनकर्णा : आमच्यात मातुर दोन्ही वाचत्यात. मामा म्हनत्यात, नुसत्या गोष्टी ऐकल्या की रातीला सपनं पडत्यात, आन् नुसतं खरं ऐकलं की झोपच येत न्हाई. पर शनवारी गोष्ट न्हाई म्हंजी न्हाई. शनीचा वार. डोळं हुतं तवर शिंगणापूरला पायी जायाचे ते. म्हनत्यात, शनीम्होरं खोटं चालत न्हाई, आन् गोष्ट म्हंजी खोटंच की.

गुरुजी : तेवढं मात्र रंभाजीबुवा खरं बोलले. बरं, विहिरीचं काय?

मनकर्णा : गेल्या आठवड्यात, शुक्रवारी, ही कादंबरी वाचत हुते. इनामदाराची लेक माडीत रडतीय, तिचा वकील घोड्यावर बसून निघून गेलाय. पान उलाटलं तर कुनी सूर्यभान म्हनून मानूस इहिरीत उतरायला लागला. दोर कमरंला बांधला, वर चौघांनी धरला. उतरला, उतरला, आन् खालनं हाक दिली, ‘दोर सोडा’. तितक्यात आमची शेळी सुटली, म्या पुस्तक मिटलं.

गुरुजी : आणि पुढं?

मनकर्णा : दुसऱ्या दिशी शनवार, गोष्ट बंद. सोमवारी उघडते तर काय, इनामदाराच्या लेकीला हळद लागलीय! ह्यो सूर्यभान कुटं गेला, वर आला का तिथंच ऱ्हायला, काय न्हाई. शेवटपत्तूर वाचलं. लगीन झालं, पोरगं झालं, बारसं झालं. इहिरीचं नाव न्हाई.

गुरुजी : अगं, मग एखादं पान फाटलं असेल. लोक पानं फाडून विडी पेटवतात. यासाठी एवढ्या उन्हात आलीस?

मनकर्णा : गुरुजी, आमच्या रानात वढ्याच्या वळनाला जुनी इहीर हाय. मामांनी रान इकत घेतलं तवाची बुजल्यालीच. औंदा परवरा नदी कोरडी पडली, गावाला प्यायला पानी न्हाई, म्हनून ह्यांनी ती उकरायला घेतली. काल पहार फरशीला लागली. खालनं पोकळ वाजतंय.

गुरुजी : पोकळ? म्हणजे आत पाणी असू शकेल. चांगलीच बातमी की.

मनकर्णा : आज फरशी काढून हे उतरनार हुते. मामा आडवं आलं. खाटंवरनं उठलं, चाचपडत जाऊन फरशीवर बसलं. म्हनले, गोष्टीतला मानूस वर आल्याबिगर माझं पोरगं खाली जायाचं न्हाई.

गुरुजी : काय हे! आणि गहिनीनाथ काय म्हणाला? तो तर माझ्या हाताखाली शिकलाय.

मनकर्णा : कपाळाला हात लावला त्यांनी. पर बापाचा शबूद मोडत न्हाईत. मला म्हनले, जा, गुरुजींकडनं काय असंल तो शेवट घिऊन ये. उनं कलली की म्या उतरतोच, मंग कुनाचं ऐकायचा न्हाई.

गुरुजी : एवढंच ना? मग सांग म्हाताऱ्याला, सूर्यभान दोर धरून वर आला, विहिरीला पाणी लागलं, गावानं त्याला फेटा बांधला.

मनकर्णा : सांगून बघितलं. बुधवारी पुस्तक म्होरं धरलं आन् वाचल्यागत करून ह्येच सांगितलं. फेटा सुदीक बांधला. मामा हसलं.

गुरुजी : हसले?

मनकर्णा : म्हनले, पोरी, त्यो वर आला असता तर अजून हाका कशाला मारल्या असत्या?

गुरुजी : कसल्या हाका?

मनकर्णा : दुपारच्याला येत्यात. त्या इहिरीतनं. ‘दोर सोडा’ म्हनून.

गुरुजी : मनकर्णा, रंभाजीबुवांचं वय झालंय. डोळे नाहीत, दिवसभर खाटेवर. अशा माणसाचे कान वाजतात.

मनकर्णा : म्याबी ऐकलं, गुरुजी.

गुरुजी : वारा असेल. फटीतून वारा गेला की आवाज होतो.

मनकर्णा : वाऱ्याला दोर कशाला लागतोय?

गुरुजी : हे बघ...

मनकर्णा : न्हाई, तुमीच बघा. शेळी तिकडं फिरकत न्हाई. वढून न्हेली तर पाय रोवती. आन् ऐका की, मामांना नुसती हाक येत न्हाई, दुसरंबी काय काय येतंय. पुस्तकात न्हाई असलं. परवा म्हनले, सूनबाई, त्याचं पाय गार पडलं म्हनतोय, पर पानी न्हाई. काल म्हनले, वरचा उजेड भाकरीएवढा झालाय म्हनतोय. माज्या हातातली भाकरी तशीच ऱ्हायली बघा.

गुरुजी : आण ते पुस्तक इकडं. कुठे आहे ती विहीर?

मनकर्णा : ह्ये बगा, खुनंला मोरपीस ठिवलंय. तुमाला ठावं असंल की शेवट. एवढी कपाटं तुमच्या ताब्यात.

गुरुजी : मी कादंबऱ्या वाचत नाही.

मनकर्णा : एकबी न्हाई?

गुरुजी : एकही नाही. जे कधी घडलंच नाही ते वाचून माणसानं काय मिळवायचं? लोकांना लागतात म्हणून ठेवतो. थांब, चष्मा कुठं गेला... हं. ‘वकिलाचा घोडा वेशीबाहेर पडला आणि तिने खिडकी लावून घेतली.’ काय पण! आता पुढचं पान. ‘सदर इसम नामे सूर्यभान हा दोराच्या साह्याने खाली उतरला.’

मनकर्णा : हांऽ, त्योच.

गुरुजी : हे काय? सदर इसम?

मनकर्णा : काय झालं?

गुरुजी : मनकर्णा, अक्षर बघ. मागच्या पानावरचं टपोरं आहे, हे बारीक. कागदही जाड आहे. आणि पानाचा आकडा... मागचं शंभराच्या घरातलं, हे चाळिशीतलं. तुझ्या लक्षात नाही आलं?

मनकर्णा : म्या आकडं कशाला बघती? म्या अक्षर बघती. म्हनलं इहिरीत उतरल्यावर बारीकच दिसनार.

गुरुजी : ही पानं या पुस्तकाची नाहीतच. छत गळलं होतं त्या वर्षी पुस्तकांची पानं सुटली, म्हणून गठ्ठा करून श्रीरामपूरला बांधायला दिली होती. त्या बांधणाऱ्यानं एका पुस्तकाची पानं दुसऱ्यात शिवलीत!

मनकर्णा : मंग दुसरं पुस्तक कंचं?

गुरुजी : ‘सदर इसम’ म्हणजे सरकारी माणसानं लिहिलेलं. थांब. त्या वरच्या फळीवर, कोपऱ्यात, एक विहिरींचं पुस्तक आहे. जुन्या काळच्या कुणा ओव्हरसियरनं लिहिलेलं. आपल्या भागातल्या विहिरी कुठं, किती खोल, कशा खणल्या. तू उंच आहेस, काढ बरं. हां, तेच. धूळ झटक.

मनकर्णा : ह्ये तर नवं कोरंच दिसतंय.

गुरुजी : मागच्या चिठ्ठीवर एकही तारीख नाही. कुणी कधी नेलंच नाही. मीसुद्धा बांधून आल्यावर उघडलं नाही, म्हटलं पूर्वी एकदा चाळलंय. हे बघ. मधली पानं नाहीत. आणि जिथं तुझं तुटलं तिथून पुढं चालू होतंय. ‘दोर सोडा’ अशी हाक... हां.

मनकर्णा : वाचा की मोठ्यानं.

गुरुजी : ‘...त्यावरून दोर आणखी सोडण्यात आला. पाय गार पडले, पण पाणी नाही, असे सदर इसम खालून म्हणाल्याचे...’

मनकर्णा : गुरुजी...

गुरुजी : ‘...म्हणाल्याचे वरील चौघे सांगतात. नंतर, वरचा उजेड भाकरीएवढा दिसतो, असे तो...’

मनकर्णा : थांबा. थांबा जरा.

गुरुजी : तू हे पुस्तक आधी वाचलं होतंस?

मनकर्णा : आत्ता म्याच काढलं न्हवं वरनं? तुमीच म्हनला कुनी न्हेलं न्हाई म्हनून. मामांना तर दिसतच न्हाई.

गुरुजी : नाही नेलं. खरंय. कुणीच नाही नेलं.

मनकर्णा : पुस्तक खाली का ठिवलं?

गुरुजी : काही नाही. पुस्तक जड आहे.

मनकर्णा : पुढं वाचा. काय असंल ते वाचा.

गुरुजी : ‘त्यानंतर हाक आली नाही. दोर ओढला असता रिकामा आला. पेटता कंदील आत सोडला तो अर्ध्या वाटेत विझला. तळाशी साचलेल्या वाईट हवेने सदर इसमाचा प्राण गेला हे उघड झाले. प्रेत काढण्यास कोणी धजेना. सबब विहिरीच्या तोंडावर फरशा घालून माती लोटण्यात आली. ठिकाण, ओढ्याच्या वळणावर, जोडचिंचेखाली. खूण, काठाला हत्ती कोरलेला दगड.’

मनकर्णा : हत्ती कोरल्याला?

गुरुजी : मनकर्णा? का गं, काय झालं?

मनकर्णा : त्या हत्तीच्या दगडावर म्या धुनं धुते.

गुरुजी : देवा.

मनकर्णा : इहीर उकरताना मातीत घावला त्यो. हे म्हनले, धुन्याला बरा हाय, आन् दारात मांडून दिला. गुरुजी, म्हंजी सूर्यभान खरा?

गुरुजी : खरा.

मनकर्णा : आन् म्या त्याला गोष्टीच्या वारी वाचला! मामांनी त्याला गोष्टीतला समजून ऐकला. खऱ्याच्या वारी वाचला असता तर त्यांनी तवाच वळखलं असतं.

गुरुजी : तुझी चूक नाही. चूक त्या बांधणाऱ्याची.

मनकर्णा : त्याची एकल्याची कशी? तुमी गोष्टी वाचत न्हाई, म्हनून तुमाला ह्यातली पानं घावली न्हाईत. गाव खरं वाचत न्हाई, म्हनून त्यातली कुनाला हुडकावी वाटली न्हाईत. मधल्या मधी त्यो मानूस तिथंच ऱ्हायला.

गुरुजी : बोल, काय बोलायचं ते बोल. पण चालता चालता बोल. तो कंदील घे खुंटीवरचा, रॉकेल आहे त्यात. उन्हं कलत आली. दोन्ही पुस्तकं घे.

मनकर्णा : कुलूप?

गुरुजी : राहू दे उघडं. ऊठ, माझ्या सायकलवर बस मागं. लाजायची ही वेळ नाही.

(जोडचिंचेखाली, विहिरीच्या तोंडाशी. एक फरशी बाजूला सारलेली, दुसरीवर मनकर्णाचे सासरे रंभाजी बसलेले.)

गहिनीनाथ : आलीस का? किती येळ! चिंचंची सावली पार बांधाला गेली. गुरुजी, तुमी कशाला तरास घेतला? आबा, आला बरं का तुमचा शेवट. आता तरी उठा तितनं.

मनकर्णा : अवो, कमरंचा दोर काढा आधी.

गहिनीनाथ : का म्हनून? सगळी तयारी झाली. नारळ फुटला. आतनं कसा गार वारा येतोय बघ.

मनकर्णा : त्याचंबी पाय गारच पडलं हुतं. काढा म्हनते ना!

गुरुजी : गहिनीनाथ, मी सांगतोय. दोर कंदिलाला बांध आणि कंदील आत सोड. तो तळापर्यंत जळत गेला तर तू उतर, मी अडवणार नाही.

गहिनीनाथ : तुमीबी ह्यांच्यात मिळाला व्हय? शाळंत आमाला भुताला भ्यायचं न्हाई म्हनून छड्या मारल्या तुमी.

गुरुजी : आज भीतोय असं समज. सोड कंदील.

गहिनीनाथ : बरं बाबा. हा बगा, सोडला. पेटलाय... चांगला पेटलाय. काय झालंय त्याला? बांधकाम दिसतंय बगा, काय दगड घडवलाय... थांबा. बारका झाला. वात निळी पडली... गेला.

रंभाजी : इझला ना?

गहिनीनाथ : व्हय, आबा. वाऱ्यानं गेला असंल. पुन्यांदा पेटवतो.

मनकर्णा : पेटवा. धा येळा पेटवा, पर कमरंला दोर बांधायचा न्हाई.

गहिनीनाथ : जातोय... जातोय... गेला. तितंच गेला. त्याच दगडापाशी.

रंभाजी : म्या म्हनलं हुतं.

गहिनीनाथ : मने, म्या आत्ता उतरत हुतो गं. तुमची सायकल दिसली नसती तर आत्ता निम्म्यात असतो.

मनकर्णा : गप बसा. न्हाई उतरला न्हवं? बसा हितं माज्याजवळ. सरकू नका तिकडं.

रंभाजी : गुरुजी, काय घावलं ते वाचा. त्यालाबी ऐकू द्या.

गुरुजी : इथं? विहिरीत तोंड करून?

रंभाजी : त्याचंच हाय न्हवं ते? मंग त्याला नको का कळाया?

गुरुजी : ‘त्यानंतर हाक आली नाही. दोर ओढला असता रिकामा आला...’ मनकर्णा, माझ्याच्यानं वाचवत नाही. तू घे.

मनकर्णा : द्या. ‘...प्राण गेला हे उघड झाले. प्रेत काढण्यास कोणी धजेना. सबब विहिरीच्या तोंडावर फरशा घालून...’ संपलं, मामा.

गहिनीनाथ : आबा, आपुन साऱ्या फरशा काढून इहीर उघडी ठिवू. लिंबाच्या फांद्या दोराला बांधून खालवर करू, वाईट हवा निघून जाईल. कंदील तळाला जळाया लागला की म्या उतरंन. आदी त्याला वर काढीन, मंग पान्याचं बघीन. आईच्यान.

रंभाजी : ऐकलं त्यानं.

गुरुजी : बुवा, तुम्हाला खरंच...

रंभाजी : गप. ऐका.

गहिनीनाथ : मला तर काय...

रंभाजी : गप रे.

मनकर्णा : गुरुजी, तुमाला आलं न्हवं ऐकू? तोंड बगा कसं झालंय तुमचं.

गुरुजी : वारा आहे. चिंचेतून वारा जातोय.

मनकर्णा : पान हालत न्हाई, गुरुजी.

रंभाजी : आता दोर मागत न्हाई त्यो.

मनकर्णा : मंग काय मागतोय?

रंभाजी : पुढं वाच म्हनतोय.

गुरुजी : पुढं काही नाही हो. त्याचं एवढंच लिहिलंय. पुढच्या पानावर दुसऱ्या गावची विहीर आहे.

रंभाजी : त्ये न्हवं. सूनबाई शुक्रवारी वाचत हुती त्ये. ती पोरगी खिडकी लावून रडतीय, आन् तिचा वकील गेलाय घोड्यावर. पुढं काय झालं, इचारतोय.

मनकर्णा : गोष्ट? मामा, पर आज शनवार हाय.

रंभाजी : म्या सांगितलं त्याला. म्हनलं बाबा, आज खऱ्याचा वार.

मनकर्णा : मंग?

रंभाजी : म्हनला, खरं मला ठावं हाय. तू गोष्ट वाच.